ओव्हनच्या दारावरचा हार

पापड सादळतो हे आमच्याकडे कोणाला शिकवावं लागत नाही. डोंबिवलीजवळच्या कोपरला खाडीच्या अंगाला राहणाऱ्या माणसाच्या घरी मीठ सादळतं, साखर सादळते, काडेपेटी सादळते, पावसाळ्यात कपाटातली घडी घातलेली साडीसुद्धा हाताला ओलसर लागते. मग डोक्यावरचे केस पिकेपर्यंत केमिस्ट्री शिकवलेल्या माणसाला, एक एवढीशी चकती हवेतलं पाणी पिऊन सादळली आहे, हे कबूल करायला काय जड जात होतं? हा प्रश्न मला अजून पडतो आणि पडला की अजूनही डोक्यात तिडीक जाते.

मी कल्याणच्या एका कॉलेजात पीएचडी करत होते तेव्हाची गोष्ट. बॅटरीच्या दोन टोकांमध्ये एक द्रव असतो. त्या द्रवातून लिथियमचे आयन इकडून तिकडे जातात, म्हणून बॅटरी चालते. पण तो द्रव गळतो, पेट घेतो. त्यामुळे त्याच्या जागी एखादा घन पदार्थ बसवता येईल का, हे जगभर लोक शोधतायत. आम्हीही शोधत होतो. आमचा पदार्थ चिकणमातीच्या जातीतला, थराथरांचा. खारी बिस्किटाला असतात तसे पापुद्रे, फक्त डोळ्यांना न दिसणारे, आणि त्या पापुद्र्यांच्या मधे लिथियमचे आयन. त्याची पूड करायची, प्रेसमध्ये दाबून शर्टाच्या बटणाएवढी चकती करायची. तिला आम्ही पेलेट म्हणायचो. ती ओव्हनमध्ये सुकवायची, मग डेसिकेटरमध्ये, म्हणजे हवा कोरडी ठेवणाऱ्या काचेच्या जाड भांड्यात ठेवायची, आणि मग आयनांची चाल मोजणाऱ्या मशीनला लावायची. स्क्रीनवर कमान उमटते. कमान मोठी म्हणजे आयन आत अडकून बसलेत. कमान लहान म्हणजे ते पळतायत.

आमची कमान स्क्रीनमध्ये मावायची नाही. दोन वर्षं मी त्या मातीत काय काय मिसळलं, काय काय काढलं, पण आयन म्हणून जागचे हलत नव्हते. आमचे सर, म्हणजे माझे गाईड, रोज दारातूनच विचारायचे, ‘काय, उठले का आपले राजे?’ आणि मी नकाराची मान हलवायचे. तेव्हा ते चांगले वागायचे हो माझ्याशी. चहा सांगायचे, घरून डबा आणला तर अर्धा माझ्यापुढे सरकवायचे. हे सांगितलं पाहिजे, नाहीतर मी आकसाने बोलतेय असं वाटेल.

मग खंडेनवमी आली. आमच्या घरी त्या दिवसाचं महत्त्व मोठं. आम्ही आगरी, माझ्या वडिलांच्या घराण्याने पिढ्यान् पिढ्या मिठागरं केली. मिठागर बंद पडलं, जमिनीवर बिल्डिंगी उभ्या राहिल्या, तरी वडील मिठाचं जुनं फावडं धुऊन पुसून पूजेला मांडतात. ज्याच्यावर आपलं पोट चालतं त्याला एक दिवस विश्रांती द्यायची, हात लावायचा नाही. त्यामुळे लॅबमधली पूजा मी मनापासून केली. चौरंग मांडला, कलश भरून ठेवला, आणि सरांनी स्वतःच्या हाताने प्रत्येक मशीनला झेंडूचा हार घातला. ओव्हनला त्यांनी तो आडवा घातला, दाराच्या मुठीपासून पलीकडच्या खुंटीपर्यंत, दोन्ही बाजूंनी दोऱ्याची गाठ मारून. छान दिसत होता. शेवटी त्यांच्या मनात काय आलं कोण जाणे, डेसिकेटर उघडून त्यांनी त्यातल्या त्यात बरी पेलेट काढली, स्टीलच्या वाटीत ठेवली आणि वाटी कलशाला टेकवून मांडली. म्हणाले, खरं शस्त्र हेच आपलं.

त्या दिवशी कोणी कशाला हात लावला नाही. दुसऱ्या दिवशी दसरा, मग रविवार. ऑक्टोबरचा घामट उकाडा, परतीच्या पावसाची रोज एक सर, लॅबच्या खिडक्या खाडीकडच्या, एसी बंद. आणि त्या हवेत ती पेलेट वाटीत उघडी.

सोमवारी सरांनीच ती उचलली आणि मशीनला लावली. कमान एवढीशी. स्क्रीनच्या कोपऱ्यात, नखाएवढी. मी दोनदा तारा तपासल्या. सरांचे डोळे भरून आले. त्यांनी चपला काढून कलशाला हात जोडले आणि म्हणाले, देवी पावली.

मलाही रडू आलं, खोटं कशाला बोलू. पण घरी जाताना रिक्षात बसल्यावर माझं डोकं चालू झालं. मातीत नवीन काही घातलं नाही, मशीन तेच, तारा त्याच. बदललं काय? दुसऱ्या दिवशी मी ती पेलेट वजनकाट्यावर ठेवली. सुकवल्यावर नोंदलेल्या वजनापेक्षा ती जड झालेली. म्हणजे कुठून तरी काहीतरी आत गेलेलं, आणि हवेतून पाण्याशिवाय दुसरं काय जाणार? खारी सादळते तशी ती सादळली होती. एवढं साधं.

साधं, पण फालतू नव्हे. मला तर तेच खरं सुंदर वाटलं. कोरडे असताना पापुद्रे एकमेकांना चिकटून असतात आणि मधले आयन पापुद्र्याला घट्ट धरून बसतात. पाणी आत शिरलं की पापुद्रे दूर सरतात, पाणी आयनाच्या भोवती जमतं, त्याची पापुद्र्यावरची पकड सुटते आणि तो पळायला मोकळा होतो. थोडं पाणी, थोडी चाल. जास्त पाणी, जास्त चाल. पण किती पाण्याला किती, ती वाढ हळूहळू होते की एकदम उडी मारते, हे आमच्या मातीसाठी कोणी मोजलं नव्हतं. मी मोजू शकत होते.

सरांना सांगितलं. ते हसले. म्हणाले, पाणी ही अशुद्धी आहे, आपला शोध कोरड्या पदार्थाचा आहे, आणि तुझ्या डोक्यातली ही शंका म्हणजे श्रद्धा कमी पडतेय. मी म्हटलं, सर, देवीला मधे आणू नका, माझी तिच्यावर तुमच्याइतकीच श्रद्धा आहे. आपण पेलेट परत ओव्हनमध्ये सुकवून एकदा मोजू या, दुधाचं दूध आणि पाण्याचं पाणी होईल. तर म्हणाले, ओव्हनमध्ये नको, थर जळतील. अहो, त्याआधी दोन वर्षं आपण त्याच ओव्हनमध्ये सुकवत होतो, तेव्हा नाही जळले थर! यावर त्यांचं उत्तर, जुनी पद्धत चुकीची होती म्हणूनच यश येत नव्हतं.

आता ऐका पुढचं. सरांनी लॅबमधलं एक लहान काचेचं कपाट रिकामं केलं, त्यात तो कलश पाण्याने भरून कायमचा मांडला आणि नियम काढला, की प्रत्येक नवी पेलेट सुकवायची नाही, एक रात्र कलशाशेजारी ठेवायची, दार लावायचं, आणि मगच मशीनला लावायची. बंद कपाट, आत पाण्याने भरलेला तांब्या, शेजारी उघडी पेलेट! सादळवायची याहून चांगली सोय मला सांगून करता आली नसती. आणि अर्थातच प्रत्येक वेळी कमान लहान येई. प्रत्येक वेळी सर माझ्याकडे बघून म्हणत, बघ, आता योगायोग म्हणशील? ते नाटक करत नव्हते. त्यांना खरंच तसं वाटत होतं, आणि त्याचाच मला जास्त राग यायचा. लबाड माणसाशी भांडता तरी येतं.

मी माझं काम थांबवलं नाही. घट्ट झाकणाच्या बरण्या घेतल्या. एखादं मीठ पाण्यात विरघळेनासं होईपर्यंत टाकलं की बंद बरणीतल्या हवेचा दमटपणा एका ठरावीक पातळीला येऊन थांबतो, आणि प्रत्येक मिठाची पातळी वेगळी. साध्या खायच्या मिठाची बरणी बरीच दमट असते. त्यासाठी घरचं जाडं मीठ चालत नाही हं, त्यात इतर क्षार असतात. पण बरणी भरताना मला वडिलांचं फावडं आठवायचं आणि बरं वाटायचं. एका टोकाला ताज्या सिलिका जेलची कोरडी बरणी, मग चढत्या दमटपणाच्या बरण्या. प्रत्येकीत एक पेलेट. तिचं वजन स्थिरावलं की मोजायची. आलेख आला तो जिन्यासारखा. पाण्याचा पहिला थर पापुद्र्यांत शिरला की एक पायरी, मग सपाटी, दुसरा थर शिरला की आणखी एक. तो माझा पाचवा चॅप्टर. थिसिसमधले पहिले चार चॅप्टर कोणीही लिहिले असते. हा माझा होता.

सरांनी तो वाचला आणि पानं टेबलावर टाकली. म्हणाले, हा काढ. हा असेल तर मी सही करणार नाही.

गाईडची सही नसेल तर थिसिस जागचा हलत नाही. माझं लग्न लांबलं होतं, फेलोशिप संपलेली, नातेवाइकांना उत्तरं देऊन आई थकलेली. मी घरी येऊन सगळं सांगितलं. आई भाकऱ्या थापत होती. ती वळलीसुद्धा नाही.

‘काढ तो चॅप्टर न् मोकली हो,’ ती म्हणाली. ‘आख्खा जन्म त्या गोलीत घालवाचाय का तुला?’

मी ताटावरून उठले. सरांपेक्षा जास्त राग मला त्या रात्री आईचा आला, कारण सरांना पटत नव्हतं आणि आईला पटून ती काढ म्हणत होती. मी काढला नाही. सरांनी सही केली नाही. तेव्हापासून ते मला पाण्यात पाहू लागले. चहा बंद, डबा बंद, दारातून विचारणं बंद.

दरम्यान त्यांनी आमच्या ‘कोरड्या’ पदार्थाची बातमी डोंबिवलीच्या एमआयडीसीतल्या एका लहान बॅटरी कारखान्यापर्यंत पोचवली आणि पुडीभर माल पाठवलाही. मला हे नंतर कळलं. बंद बॅटरीत लिथियमला पाणी मिळालं तर वायू होतो, सेल फुगतो. मी सरांना म्हटलं, त्यांना निदान सांगा तरी. त्यांनी ऐकलं न ऐकल्यासारखं केलं. नशीब, कारखान्याची पद्धत चोख होती. तिथे आत येणारी प्रत्येक पूड आधी तापवून सुकवतात, मग कोरड्या खोलीत नेतात. त्यांनी आमचीही सुकवली. आणि आयन ठप्प झाले.

त्यांचा फोन आला तेव्हा मी लॅबमध्ये, सरांच्या पाठीमागेच उभी होते. सर फोनवर म्हणाले, तसं व्हायला नको, पण ते नमुने आमच्याकडच्या मुलीने केलेत, ती जरा धांदरट आहे, मी बघतो. फोन ठेवला आणि मागे वळले, तर मी समोर. त्यांनी नजर खाली केली नाही. मला म्हणाले, नीट काम केलं असतंस तर ही वेळ आली नसती. चोराच्या उलट्या बोंबा म्हणतात ना, त्या मी त्या दिवशी कानांनी ऐकल्या. तळपायाची आग मस्तकात गेली. पण फोनच्या शेवटी सरांच्या बोलण्यावरून मला हेही कळलं होतं, की त्यांची इंजिनियर स्वतः बघायला येणार आहे. मी तिची वाट बघायचं ठरवलं.

ती आली. माझ्याच वयाची असेल, मोजकं बोलणारी. तिने पर्समधून एक डबी काढली, त्यात आमच्या पुडीची, त्यांच्याकडे सुकवलेली पेलेट. सरांनी तिला बसवलं, सरबत मागवलं, भिंतीवरची सर्टिफिकिटं दाखवली. तिने एकच विचारलं, तुम्ही मोजण्याआधी पेलेट सुकवता ना? तुमच्याकडे ओव्हन आहे का?

‘आहे ना,’ सर म्हणाले. ‘आम्ही प्रत्येक पेलेट ओव्हनमध्ये सुकवूनच मोजतो.’

त्यांनी हाताने ओव्हन दाखवला. मीही त्या हाताच्या दिशेने बघितलं आणि मला ते दिसलं, जे मी कित्येक महिने रोज बघत होते. खंडेनवमीचा हार. फुलं वाळून काळपट तपकिरी झालेली, पण दोरा तसाच, मुठीपासून खुंटीपर्यंत आडवा, दोन्ही गाठी शाबूत. आमच्याकडे पूजेचा हार हाताने काढत नाहीत, आपोआप गळेपर्यंत राहू देतात. तोरणाचंही तसंच. म्हणून कोणी काढला नव्हता. आणि कोणी दारही उघडलं नव्हतं, कारण दार उघडायचं तर तो तुटणारच.

‘सर,’ मी म्हटलं, ‘मग हार तुटला असता.’

इंजिनियरने ओव्हनकडे बघितलं, मग हाराकडे, मग सरांकडे. तिला क्षणभर काही कळलं नसावं, पण तीही डोंबिवलीचीच. झेंडूचा हार दारावर कधी चढतो हे तिला सांगावं लागलं नाही. तिने ग्लास खाली ठेवला आणि शांतपणे विचारलं, आता सुकवून बघायचं का, मी थांबते.

सर मला म्हणाले, ‘काढ तो हार.’

‘तुम्ही घातलात, सर,’ मी म्हटलं. ‘तुम्हीच काढा.’

मी आयुष्यात कोणा शिक्षकाला असं बोलले नव्हते. सर उठले. गाठ सुटेना. शेवटी त्यांनी दोरा ओढून तोडला आणि वाळलेल्या पाकळ्यांचा चुरा त्यांच्या बुटांवर पडला. मी कलशाशेजारची पेलेट काढली, त्यांच्यासमोर मोजली, कमान नखाएवढी. मग ती ओव्हनमध्ये घातली. इंजिनियर खरंच थांबली. दुपारभर बसून तिने माझा पाचवा चॅप्टर वाचला, आणि सर मधेमधे येऊन तिला उन्हाळ्याबद्दल काहीतरी सांगत राहिले.

सुकलेली पेलेट मशीनला लावली. कमान स्क्रीनबाहेर. मग मी तिने आणलेली मेलेली पेलेट साध्या मिठाच्या बरणीत ठेवली आणि झाकण लावलं. म्हटलं, हिला प्यायला वेळ द्या, उद्या या. ती दुसऱ्या दिवशीही आली. मेलेली पेलेट उठली होती. कमान कोपऱ्यात, लहानशी, जिन्याच्या नेमक्या त्या पायरीवर जिथे ती असायला हवी होती.

इंजिनियर म्हणाली, आमच्या बॅटरीसाठी हे बाद आहे, पण दमटपणा मोजायचं यंत्र करायला असंच काहीतरी लागतं. हा चॅप्टर छापून आला की मला पाठवा. सरांचा चेहरा बघण्यासारखा होता. पण तो पडला नाही, एवढंच सांगते. पडला तरी नाक वर. एक श्वास घेतला आणि ते म्हणाले, ‘अहो, मी तर हिला पहिल्यापासून हेच सांगतोय, की पाणी ही खरी किल्ली आहे.’

मी रागाने बरणीचं झाकण आवळलं. आठवड्याभरात त्यांनी थिसिसवर सही केली. पाचव्या चॅप्टरला हात लावला नाही, उलट तो आणखी सविस्तर कर म्हणाले. काचेच्या कपाटातला कलश कधी हलला ते मला कळलं नाही. मी एकदा गेले तर तिथे जुन्या उत्तरपत्रिका रचलेल्या.

व्हायवाला आई आली. तिने आयुष्यात कॉलेजच्या हॉलमध्ये पाय ठेवला नव्हता. शेवटच्या रांगेत, मांडीवर पेढ्यांचा मोठा डबा धरून बसली होती. मी बोलले, जिना दाखवला, बरण्या समजावल्या. बाहेरून आलेले परीक्षक वयस्कर होते. त्यांनी सगळ्यात जास्त प्रश्न पाचव्या चॅप्टरवर विचारले आणि शेवटी म्हणाले, यातला सर्वांत चांगला भाग हाच, ही कल्पना सुचली कशी? मी तोंड उघडणार, तेवढ्यात सर पहिल्या रांगेतून उभे राहिले, हॉलकडे वळले आणि म्हणाले, ही दिशा मी तिला दिली, तिने मेहनत चांगली घेतली. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मी हातातला पॉइंटर इतका घट्ट आवळला की तो बंद पडला. डॉक्टरेट मिळाली हे जाहीर झालं, तेव्हाही मला आनंद झाला नाही. फक्त संताप.

मग पेढे. आईने डबा उघडला आणि एकेकाला देत पुढे आली. परीक्षकांना दिला. सरांना दिला. सर हसून म्हणाले, मुलीने नाव काढलं हो तुमच्या, आम्ही घडवली तिला. आईने डबा छातीशी धरला आणि सरांकडे नीट बघितलं. तिला पापुद्रे, आयन, कमान यातलं काही कळत नव्हतं. पण माझ्याशी त्या रात्री काय बोलणं झालं ते तिला पक्कं आठवत होतं.

‘सर,’ ती म्हणाली, परीक्षकांना ऐकू जाईल अशा तिच्या नेहमीच्या आवाजात, ‘यो चॅप्टर तं तुमीच काढाया सांगितलेला ना? मीपन तिला काढच बोल्ले होते.’

परीक्षक हातातला पेढा तसाच धरून सरांकडे वळले. सरांचा पेढा तोंडातच होता. आईने डबा पुढच्या माणसाकडे नेला.